एक जूनची माणसे

नायगाव पूर्वेच्या कुठल्याही जरा जुन्या सोसायटीच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट असते, आणि त्या कपाटात शे-दोनशे कुटुंबांच्या जन्मतारखा पडून असतात. भाडेकरूंच्या पोलिस पडताळणीसाठी घेतलेल्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, खरेदीखताला जोडलेली पॅन कार्डे, वॉचमन आणि झाडूवाल्या बायकांची ओळखपत्रे, वारस नोंदीच्या अर्जाला लावलेले शाळेचे दाखले. हे कागद ज्यांच्या हातून जातात त्यांना एक मोह हटकून होतो, आणि गंमत म्हणजे तो चांगल्या मनाने होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची पंचाहत्तरी जवळ आली असावी, रात्रपाळीच्या वॉचमनला कोणी कधी केक आणत नाही, नव्या सेक्रेटरींना खूश करायचे आहे. विचारले तर ‘राहू द्या हो’ म्हणतील, मग फाइल उघडून बघायला काय हरकत? दोन मिनिटांचे काम. हे कागद हाताळण्याच्या कामात वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की ही वाट दोन कारणांनी चुकीची आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याचे कागद बघणे बरे नव्हे, हे पहिले कारण सगळे सांगतात आणि सगळे विसरतात. दुसऱ्या कारणाकडे कुणाचे लक्ष जात नाही. कपाटात मिळते ती जन्मतारीख असते; वाढदिवस तिथे असेलच असे नाही, आणि आपल्या महाराष्ट्रात तर बऱ्याचदा नसतोच.

कागद चाळणाऱ्याच्या नजरेत पहिली भरते ती १ जून ही तारीख. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, खेड्यात शिकलेल्या माणसांचे दहा दाखले पाहिले तर दोन-तीनदा तरी ती भेटते. निसर्ग एकाच दिवशी इतकी बाळे जन्माला घालत नाही. ते काम गुरुजींनी केले. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला पहिलीत घालायला वय पुरे पडायला हवे, आणि आईबापाला विचारावे तर उत्तर येई, ‘भातलावणी उरकली होती’ किंवा ‘बैलपोळ्याच्या पुढेमागे’. गुरुजी पोराकडे एकदा बघत, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहत, सालाचा अंदाज बांधत आणि पुढे १ जून लिहून मोकळे होत. त्यात लबाडी नव्हती, पोराला शाळेत घेण्याची घाई होती. पण ती तारीख माणसाला जन्मभर चिकटली. महाराष्ट्रात सरकारी कर्मचारी ज्या महिन्यात निवृत्तीचे वय पूर्ण करतो त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, आणि जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्यामुळे ३१ मे हा शाळा-कचेऱ्यांतला निरोप समारंभांचा दिवस झाला, एकेका कार्यालयात चार-चार नारळ आणि चार-चार शाली. तारीख दुरुस्त करायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागे; तेवढी उस्तवार कोण करणार?

नायगावात या एक जूनच्या माणसांत आणखी भर पडते. खाडीच्या कडेचा जुना कोळीवाडा, मिठागरे, रांगोळीसाठी नावाजलेले जूचंद्र, पलीकडे उमेळे, खाडीतले पाणजू बेट, ही इथली मूळ वस्ती. गेल्या काही वर्षांत पूर्वेला इमारतींची रांग उभी राहिली ती मुंबईत घर न परवडणाऱ्यांमुळे. गिरणगावातून उठलेले, कोकणातून आलेले, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले, प्रत्येकजण आपापल्या गावच्या गुरुजींनी बहाल केलेली तारीख बरोबर घेऊन आला. आधार कार्ड आल्यावर १ जूनला एक भावंड मिळाले, १ जानेवारी. ज्याला जन्माचे फक्त साल सांगता आले त्याच्या नावापुढे ही तारीख बसली. सुरुवातीच्या कित्येक कार्डांवर तर नुसते सालच छापलेले आहे. २०१७ साली उत्तर भारतातल्या काही गावांच्या बातम्या आल्या होत्या, तिथे जवळजवळ अख्खे गाव १ जानेवारीला जन्मलेले! म्हणजे वॉचमनचे कार्ड गुपचूप पाहून नववर्षाच्या सकाळी कोणी केक घेऊन गेलाच, तर तो बिचारा गोंधळून हसेल, मेणबत्ती फुंकेल, आणि या लोकांनी आपली कागदपत्रे चाळली एवढे मात्र त्याला नेमके कळेल.

कागदांचा हा कच्चेपणा आता कागद देणारेच कबूल करतात. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असे आधार देणाऱ्या प्राधिकरणाने सांगितले आणि जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृताचे वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. म्हणजे फिरून पुन्हा गुरुजींच्या दारात! कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. कायद्याला एक ठरलेला आकडा हवा असतो, मग तो कुणीतरी ठरवलेला का असेना. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळा, नोकरी, मतदार यादी या सगळ्यांना जन्म दाखलाच पुरावा ठरेल, त्यामुळे ही पोरे मोठी होतील तेव्हा कागद आणि वाढदिवस एकत्र नांदतील. आज मात्र ज्यांची साठी-पंचाहत्तरी करायची आहे ती माणसे त्या आधीची आहेत. (जाता जाता, ‘नायगाव’ आणि ‘जन्मदिवस’ हे शब्द शेजारी आले की पुष्कळांना ३ जानेवारी आठवते. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव ते सातारा जिल्ह्यातले नायगाव, आमचे खाडीकाठचे नव्हे.)

बरे, तारीख खरी असली तरी घरात वाढदिवस कशाने धरतात हा प्रश्न उरतोच. शिवजयंती तारखेने की तिथीने यावर आपल्या राज्याने दशकानुदशके वाद घातला. सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली तरी फाल्गुन वद्य तृतीयेला जयंती करणारे आजही आहेत. मग एखाद्या घरातल्या आजीचे औक्षण तिथीने होत असेल तर नवल काय? आजीचा वाढदिवस ‘गौरींच्या आदल्या दिवशी’ असतो, आणि तो कधी ऑगस्टात येतो, कधी सप्टेंबरात. अधिक महिन्यात जन्मलेल्यांची कथा आणखी निराळी. इकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जन्माचा दिवसही लिहिलेला असतो, तेव्हा त्यांच्यापुरता चर्चचा कागद बराच भरवशाचा. पण ती वही कुणीही येऊन उलटावी अशी टेबलावर पडलेली नसते, हेही ध्यानात घ्यावे. थोडक्यात, वाढदिवस माणसाकडे असतो, आणि त्याच्या तोंडून किंवा त्याच्या घरच्यांच्या तोंडूनच तो कळू शकतो.

यावर कोणी म्हणेल, तारीख बरोबर निघाली तर मग कागद पाहण्यात काय चूक? कुणाचे नुकसान झाले? इथे सोसायटीच्याच एका नोंदवहीची साक्ष काढतो. सहकारी संस्थांच्या नियमांप्रमाणे सभासदांची नोंदवही ठेवावी लागते, बोलीत ‘आय रजिस्टर’. त्यात सभासदाचे नाव, पत्ता, व्यवसाय, वारसदार येतो आणि सभासद झाला त्या दिवशीचे वय येते. जन्मतारखेचा रकाना नाही. नियम लिहिणाऱ्यांना १९६१ साली खासगीपणाचा फार विचार सुचला असेल असे नाही, पण कामापुरते विचारावे ही साधी शिस्त त्यांना ठाऊक होती. आपण मात्र आज वयाच्या जागी अख्खे आधार कार्ड मागतो. आधारचे आठ अंक झाकलेली प्रत मिळते, ती मागितली तर लोकांना हायसे वाटते. पण त्या प्रतीवरही जन्मतारीख उघडीच राहते. आणि जन्मतारीख आज नुसती तारीख राहिलेली नाही. डाउनलोड केलेल्या आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल. प्राप्तिकराची वार्षिक माहिती उघडायला पॅन आणि जन्मतारीख. कित्येक बँकांची खातेपत्रके अशीच उघडतात. ज्या फाइलमध्ये पॅन आणि जन्मतारीख शेजारी शेजारी बसलेली आहेत, ती फाइल कुणाचा वाढदिवस आहे हे बघायला उघडणारा कुलपाची किल्ली हातात घेऊन फुलाचा फोटो काढतोय! त्याचा हेतू फुलाचाच असेल, पण मागे उभ्या असलेल्याचाही तोच असेल याची खात्री काय?

न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचा गाभा हा की माहिती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरती वापरावी. प्रामाणिकपणे सांगायचे तर हा कायदा कपाटातल्या झेरॉक्सला थेट लागू होत नाही, आणि घरगुती कामासाठी कोणी माहिती वापरली तर तिला तो सूट देतो. कुणी केक आणला म्हणून त्याच्यावर दावा होणार नाही. पण भाडेकरूने पोलिसांसाठी दिलेला कागद आपण समारंभासाठी वाचला, ही गोष्ट कायदा बोलो न बोलो, भाडेकरूला खटकते. ‘तुमचा वाढदिवस आम्हाला कळला बरं का’ या वाक्यावर माणूस हसतो, आणि पुढच्या वेळी कागद देताना दहा प्रश्न विचारतो.

सर्वांत जोरदार आक्षेप मात्र कायद्याचा नाही, संस्कृतीचा आहे. खासगीपणा वगैरे सगळी नवी थेरे. आमच्या चाळीत कुणाचे काय ते सगळ्यांना माहीत असायचे, दार लावून बसायची पद्धतच नव्हती. हा आक्षेप अर्धा खरा आहे. चाळीत माहिती होती, पण ती आली कुठून? बाळंतपणाला शेजारणीच धावल्या होत्या म्हणून. ती फाइलीतून आलेली नव्हती, सोबतीतून आलेली होती. आणि लपवाछपवी आपल्याकडे नव्हती असे म्हणणाऱ्याने हितोपदेश उघडून पाहावा. माणसाने गुप्त ठेवायच्या नऊ गोष्टींची त्यात यादी आहे. धन, घरातले वैगुण्य, मंत्र, औषध, दान, अपमान वगैरे. त्या यादीत पहिला मान कुणाला? आयुष्याला, म्हणजे वयाला. पत्रिकेचे पाहा. लग्न जुळवताना जन्मवेळ मिनिटासकट देणारे घर एरवी ती वेळ कुणाला सांगत नाही, कोणी करणी करील ही भीती जुन्या माणसांत असतेच. भीती खुळी असेल, पण त्यामागची समज खुळी नाही. तारीख कुणाला, कशासाठी आणि किती सांगायची हे ज्याचे त्याने ठरवायचे.

उलट आपली रीत तर हे ठरवणे ज्याच्या त्याच्या हातात ठेवते. आपल्याकडे ज्याचा वाढदिवस तोच वाटप करतो. शाळेत रंगीत कपडे घालून आलेले पोर स्वतः चॉकलेटचा डबा घेऊन वर्गावर्गातून फिरते. कचेरीत ज्याचा वाढदिवस त्याच्या टेबलावर समोशाचा पुडा. सकाळच्या विरार गाडीतले गट पाहावेत. नायगावला चढणाऱ्याला बसायला मिळणे अवघडच, तरी चर्चगेटपर्यंतच्या प्रवासात लोकांची अशी मैत्री जमते की एकमेकांची आडनावे ठाऊक नसतात, पत्ता ठाऊक नसतो, ‘नायगाववाली’ आणि ‘भाईंदरचे शेट’ एवढीच ओळख. आणि वाढदिवस मात्र बरोबर ठाऊक असतो. महिला डब्यात डबे उघडतात, कुणी गजरा आणते. कुणी कुणाचे कार्ड पाहिलेले नसते. ज्याला सांगायचे होते त्याने सांगितले, ज्याला नव्हते तो त्या दिवशी गप्प राहिला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. सगळ्यांना कळावा अशी ज्यांची इच्छा असते त्यांची सोय स्टेशनबाहेर असतेच, पुढाऱ्यांच्या फलकांवर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलकांवर कडक आदेश दिले तरी ते उगवतातच. बिनफलकाच्या माणसाला मात्र हा चॉइस हवा असतो, आणि तो रेल्वेच्या डब्यात त्याला मिळतो.

मग गुपचूप शोधूच नये का? अचानक आनंद देण्यात मजा आहे, विचारले की ती मजा गेली, असे तरुण मंडळी म्हणतात. मला वाटते, अचानकपणा तारखेत नसतो, भेटीत असतो. आपला वाढदिवस कधी येतो हे तर माणसाला माहीतच आहे. आपल्याला कुणी लक्षात ठेवले याचे त्याला अप्रूप वाटते. आणि लक्षात ठेवणे म्हणजे कान उघडे ठेवणे. माणसे स्वतःच किती सांगत असतात: ‘आई म्हणायची, मी झालो तेव्हा नारळी पौर्णिमेची बोटी सोडायची गडबड होती’, ‘माझा आणि थोरल्या सुनेचा एकच महिना’. तेवढे टिपून ठेवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, कारण ते आपणहून दिलेले आहे. त्यापुढे जायचे तर घरच्या माणसाला विचारावे. पण त्यातही विचारायचा प्रश्न बदलावा. आपण विचारतो, ‘काकांचा वाढदिवस कधी असतो?’ त्याआधी ‘काकांना वाढदिवस केलेला चालेल का?’ असे विचारले तर बरेच काही आपोआप कळते. कुणाच्या वाढदिवसाच्या आसपास घरात मृत्यू झालेला असतो. कुणाच्या धर्मात किंवा पंथात वाढदिवस करत नाहीत. एखाद्या बाईने कामाच्या ठिकाणी वय सांगितलेले नसते, आणि पन्नास आकड्याचा केक तिच्या नोकरीवर बेतू शकतो. म्हणून साल कधीच विचारू नये. शुभेच्छांना दिवस आणि महिना पुरतो, साल लागते ते फक्त सरकारला आणि खवचट नातेवाइकांना. काकूंना हे सगळे ठाऊक असते. त्या नाही म्हणाल्या तर विषय तिथेच संपतो, काकांच्या कानावरही जात नाही. आदब म्हणतात ती हीच: उत्तर चारचौघांपासून राखणे, आणि नकार द्यायला सोपी जागा ठेवणे. ज्याच्याविषयी विचारले त्यालाच अंधारात ठेवून कागद काढणे हा त्याच्या नेमका उलटा प्रकार आहे, जरी दोन्हींना आपण ‘गुपचूप’ हा एकच शब्द वापरत असलो.

ज्यांचे घरचे जवळ नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न नायगावसारख्या ठिकाणी खरा आहे. वॉचमनची बायको गोंडा किंवा दरभंग्याला असते, काकूंना विचारण्याची सोय नाही. तिथे सगळ्यांना एकदम विचारणे हाच मार्ग टिकतो. दिवाळीनंतर, कुणाचाच वाढदिवस डोळ्यासमोर नसताना, कार्यालयात एक साधी दोनशे पानी वही ठेवायची. महिन्यागणिक पान, रकाने दोनच, नाव आणि दिवस. लिहायचे त्याने लिहावे, नको त्याने पान उलटावे, आणि वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. वही कुणाच्या हाती राहणार आणि वर्षअखेरीस तिचे काय होणार, हे पहिल्या पानावर लिहून ठेवायचे. अशा वहीत एक जूनसमोर फारशी गर्दी होत नाही. दाखल्यावर १ जून असलेली माणसे इथे विचार करून, कधी गावी फोन लावून, दुसरेच काहीतरी लिहितात. कुणी पोळ्याचा दुसरा दिवस लिहितो, कुणी नुसताच महिना लिहून पुढे जागा सोडतो. आणि काही जण हसत हसत १ जूनच लिहितात, कारण तीस वर्षे त्याच दिवशी लोकांनी शुभेच्छा दिल्याने तो आता त्यांचाच झालेला असतो. पेढे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांचे मिळून एकदाच आणायचे. डबा गेटवर ठेवला की येणारा जाणारा प्रत्येकजण एक उचलतो, वहीत ज्याने काहीच लिहिले नाही तोसुद्धा.